अक्काच्या माशांची पाइपलाइन

प्रिय अक्का,

कैलास जेवून पंख्याखाली आडवा झालाय आणि घोरायलाही लागलाय. अगदी दाजींसारखा घोरतो गं तुझा मुलगा! दुपारच्या एसटीनं आम्ही दोघं चोपड्याला निघतोय. उद्या आखाजी, अक्षय्य तृतीया. उद्या तुझ्या घरात तुझ्या नावाची पहिली घागर भरली जाईल, तिच्यावर खरबुजासारखं गोड डांगर ठेवतील, सांजोऱ्या ठेवतील, आणि सगळ्या बाया पदर डोळ्यांना लावून बसतील. मीही बसेन. रडायला लागले की मला धड काही सांगता येत नाही, हे तुला माहीत आहे. म्हणून निघायच्या आधीच लिहिते.

आई-आबा गेल्यावर माझं माहेर म्हणजे तुझं घर. दर आखाजीला तू मला न्यायला मुऱ्हाळी पाठवायचीस. मी म्हणायची, "अक्का, धुळ्याहून चोपडा काय परदेश आहे? येते माझी मी." पण नाही! न्यायला माणूस आल्याशिवाय माहेरी यायचं नाही, हा तुझा हट्ट. माझे केस पांढरे झाले, मी नोकरीतून निवृत्त झाले, तरी तुझा मुऱ्हाळी येतच राहिला. यंदा येईल की नाही, आणि आला तरी मला निघता येईल की नाही, ह्याच घोरात मी सगळा उन्हाळा काढला.

कारण तुझे मासे.

तुझी गंधमुक्ती झाली, सुतक फिटलं, त्या दिवशी पाहुणे पांगल्यावर ओट्यावर विषय निघाला. एवढी मोठी काचेची टाकी, तिच्याखाली दुसरी टाकी, मोटार, पाइप. हे सगळं आता कोण सांभाळणार? कैलासला मळ्यातून सवड नाही, सूनबाईला माशांची किळस येते. कोणीतरी म्हणालं, विहिरीत सोडून द्या, खातील शेवाळ. सगळ्यांनी मान डोलावली. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, मासे मी नेते.

काय हसले गं सगळे! म्हणे, मावशी, तुमच्याच्यानं घरातला नळ दुरुस्त होत नाही, तुम्ही ही पाइपलाइन काय चालवणार? कैलासनं मात्र हसणं आवरलं आणि मला समजावलं, की ने, पण नाही जमलं तर जिवाला त्रास करून घेऊ नको, परत आण, आपली विहीर आहेच. त्याचं ते समजावणंच मला जास्त लागलं.

पण ते हसले त्यात त्यांची काय चूक? ही तुझीच करणी. जन्मभर मला कशाला हात लावू दिलास का तू? माझ्या मोरीतला पाइप तुंबला की चोपड्याहून येऊन तू काढायचीस. मी शेजारी उभी राहिले की म्हणायचीस, सरक बाजूला, साडी खराब होईल. अगं, माझी साडी खराब झाली असती तर काय बिघडलं असतं? दाजी केळीचा भाव बघायचे आणि मळ्यातलं ठिबक तू बघायचीस, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. मला त्याचा इतका तोरा होता, की मी शाळेच्या ऑफिसात सगळ्यांना सांगायची, माझी बहीण ठिबकची इंजिनिअर आहे म्हणून. पण त्यातलं मला एकही काम येत नव्हतं.

आता तुझ्यावरचा पहिला राग सांगते. टाकी सोडवायला गेलो तर एकही जोड सुटेना! तू सगळं सोल्युशन लावून कायमचं चिकटवून ठेवलेलं. अक्का, एखादी युनियन का नाही गं लावलीस? दोन पाइपांच्या मध्ये ती एक बसवली असती, तर पाइप न कापता फिरवून मोकळे झाले असते. शेवटी कैलासनं हेक्सॉ ब्लेड आणलं आणि तुझे पाइप कापले. ही टाकी इथून कधी हलवावी लागेल, असं तुझ्या मनातच आलं नव्हतं ना?

टाक्या आणि मोटार कैलासनं टेम्पोनं पाठवल्या, मासे मी दुधाच्या कॅनमधून आणले. एसटीत कंडक्टर म्हणाला, आजी, दूध सांडू नका. मी म्हटलं, मासे आहेत. शेजारची बाई अमळनेरपर्यंत नाकाला पदर लावून बसली होती. मेलेले नव्हेत हो, पाळलेले आहेत, हे सांगून मी थकले. शेवटी झाकण उघडून तिला विहीणबाई दाखवली. तुझी ती जाडी, सदा तोंड उघडं असलेली सोनेरी विहीणबाई! तेव्हा कुठं त्या बाईनं पदर खाली घेतला आणि पुढे धुळ्यापर्यंत स्वतःच्या खऱ्या विहिणीबद्दल बोलत राहिली.

घरी आल्यावर मासे टिपाडात सोडले आणि मी तुझ्या टाक्यांसमोर बसले. गंमत म्हणजे पाणी कसं फिरतं, ते मला तोंडपाठ होतं. वरच्या टाकीच्या काठाजवळ भोक, तिथून पाइपनं पाणी खालच्या टाकीत यायचं, वाळूतून आणि स्पंजातून गाळून निघायचं, आणि तिथली बुटकी मोटार ते दुसऱ्या पाइपनं पुन्हा वर चढवायची. तू हे पहिल्यांदा मांडलंस तेव्हा दाजींनी विचारलं होतं, एवढ्याशा माशांना एवढा थाट कशाला? तू म्हणालीस, "केळीले सँड फिल्टर लागस, मंग ह्या जीवले नको का?"

पाणी कसं फिरतं ते ठाऊक होतं, पण कुठल्या वस्तूला काय म्हणतात, ते कोणाला माहीत! दुकानात गेले आणि म्हटलं, वाकडा पाइप द्या. दुकानदार भला माणूस. म्हणाला, एल्बो पाहिजे का, ताई? मग मी रोजच जायला लागले. एल्बो म्हणजे वळणाचा. टी म्हणजे तीन तोंडांचा. जाड पाइपाला बारीक पाइप जोडायचा तर रिड्यूसर. काचेच्या भोकात बसते ती टाकी निपल. पाणी कमीजास्त करायला बॉल व्हॉल्व्ह. दुकानात मोटार दुरुस्तीला आलेली शेतकरी मंडळी माझ्याकडे वळून बघायची. बघू देत! मी प्रत्येक वस्तू हातात घेऊन, आटे फिरवून, पारखूनच घ्यायची. आईची वांगी निवडायची तऱ्हा आठवते ना तुला, तशीच.

चुकाही केल्या. टाकी निपलचा रबरी वॉशर मी बाहेरच्या बाजूनं लावला, आणि पाणी भरल्याबरोबर काचेवरून ओघळ सुरू. वॉशर पाण्याच्या बाजूला, निपलच्या टोपीखाली बसवायचा असतो, म्हणजे पाण्याला वाटच राहत नाही. मग वाटलं, नट करकचून आवळावा. आवळायला घेतला आणि काच कुरकुरली. हातानंच आवळायचा गं तो, काच काही मळ्यातलं लोखंड नाही. आट्यांवर टेफ्लॉन टेप उलट्या दिशेनं गुंडाळली, तर जोड फिरवताना सगळी गोळा होऊन बाहेर आली. काढली, पुन्हा गुंडाळली. बाकी सगळे पाइप आधी सोल्युशन न लावता नुसते जोडून पाहिले, पेन्सिलीनं खुणा केल्या, आणि मगच चिकटवले. मोटारीचा पाइप वरच्या टाकीच्या काठावर वळतो तिथं मात्र युनियन टाकली, तुझ्या नाकावर टिच्चून! सोल्युशन पुरतं वाळू दिलं, साध्या पाण्यानं पाइप धुऊन काढले, आणि मगच मासे टाकीत सोडले.

मोटार चालू केली. पाणी वर चढलं, भोकातून खाली आलं, पुन्हा वर चढलं. एक थेंब कुठं गळेना. मी खुर्ची ओढून टाकीसमोर बसले आणि त्या दिवशी स्वयंपाकच केला नाही. इतका आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता, खरं सांगते.

आणि मग एक दिवस लाइट गेली.

मी आत भाकरी थापत होते. पंखा थांबला आणि बाहेरच्या खोलीतून पाणी पडल्याचा आवाज यायला लागला. जाऊन बघते तर फरशीवर तळं! मोटार बंद पडल्यावर तिच्याच पाइपातून वरच्या टाकीचं पाणी उलटं खाली ओढलं जात होतं. पाइपाचं तोंड मी तळाशी सोडलेलं, त्यामुळे टाकी रिकामी होईपर्यंत ते थांबणार नव्हतं. खालची टाकी भरून वाहत होती, आणि वर तुझी विहीणबाई चार बोटं पाण्यात आडवी होऊन तडफडत होती. पिठाच्या हातानंच मी युनियन फिरवली. जोड सुटला, पाइपात हवा शिरली आणि पाणी थांबलं. का थांबलं, ह्याचा विचार करायचं भान तेव्हा कुठं होतं! टिपाडातलं पाणी भांड्याभांड्यानं वर ओतत सुटले.

मासे वाचले, पण माझा धीर सुटला. ह्या उन्हात लाइट तर रोज जाते. म्हणजे मी घर सोडून भाजीला जायचं तरी टाकीकडे मान वळवून. तेवढ्यात कैलासचा फोन आला, की मावशी, आखाजीला न्यायला येतो, तयारीत राहा. मी म्हटलं, नको येऊस बाबा, लाइट गेली की टाकी रिकामी होते, मासे टाकून मला निघता येणार नाही. तो म्हणाला, मग सोड ना त्यांना विहिरीत. आई गेली, आता तूही येणार नाहीस, मग आखाजी कुणासाठी करायची? फोन ठेवल्यावर मी टाकीसमोर बसून रडले. मासे ठेवायचे तर माहेर जाणार, माहेरी जायचं तर मासे जाणार. मला दोन्ही हवं होतं गं.

दुसऱ्या दिवशी कैलासनंच उपाय पाठवला. मळ्यातल्या विहिरीवर मोटारीला असतो तो एनआरव्ही, पाणी परत फिरू नये म्हणून आत झडप असलेला. आपल्या भागात कोणालाही विचारा, हाच उपाय सांगेल. दुकानदारानंही तेच सांगितलं होतं. तो पितळी व्हॉल्व्ह एसटीनं पार्सल आला. उचलता उचलेना! दोन्ही बाजूंना रिड्यूसर लावून मी तो कसाबसा पाइपात बसवला, मोटार चालू केली, आणि पाणीच चढेना. मोटार बिचारी नुसती गुणगुणतेय. केळीच्या मळ्याला पाणी देणाऱ्या मोटारीनं उघडायची ती झडप, माझ्या तळहाताएवढ्या मोटारीनं कशी उघडावी? आम्ही सगळ्या मळेवाल्यांनी मिळून माशांच्या टाकीला विहीर समजून टाकलं होतं! चिडले होते, तरी मला हसू आलं. तू असतीस तर पोट धरून हसली असतीस.

पाइप आखूड करून तोंड वरच ठेवावं, तर तळातलं पाणी हलत नाही, घाण तिथंच साचते. काय करावं? मग हात धुऊन शांत बसले आणि तुझा मळा डोळ्यांपुढे आणला. तू मोटार बंद करायचीस तेव्हा काय काय व्हायचं? आणि मला तो आवाज आठवला. मेन पाइपच्या डोक्यावर तो काळा एअर व्हॉल्व्ह होता ना, मोटार बंद झाली की सुस्स करायचा. मी एकदा घाबरून विचारलं होतं, फुटला का काय? तू म्हणाली होतीस, बंद मोटारीचा पाइप मागे ओढ घेतो, नळ्यांतून चिखलसुद्धा आत ओढेल. "त्याले हवा दिधी का तो सोडी देस." एवढं बोलून तू पुढच्या वाफ्यात निघून गेलीस. मी बांधावर उभीच्या उभी.

अक्का, हवा द्यायची होती! युनियन उघडल्यावर पाणी थांबलं ते म्हणूनच. मग मी पोती शिवायचं दाभण गॅसवर लाल केलं आणि वरच्या टाकीत उतरणाऱ्या पाइपाला, पाण्याच्या पातळीच्या जरा खाली, एक भोक पाडलं. शेवाळानं एक बुजलं तर दुसरं असावं म्हणून शेजारी आणखी एक पाडलं. मोटार चालू असताना त्यातून बारीक धार निघते, ती निघू दे, टाकीतच पडते. मोटार बंद झाली की पाणी उतरता उतरता भोक उघडं पडतं, पाइप पाण्याऐवजी हवा ओढतो आणि ओढ सुटते. खालच्या टाकीत तेवढं पाणी मावेल अशी जागा मोकळी ठेवली आणि काचेवर कुंकवानं खूण केली, की ह्याच्या वर भरायचं नाही. मग कैलासला फोन करून म्हटलं, ये न्यायला.

आज तो आला. पायही धुतले नाहीत, सरळ टाकीसमोर जाऊन उभा राहिला. विहीणबाई काचेजवळ येऊन तोंड उघडून त्याच्याकडे बघत होती. मग विचारलं त्यानं, आपण गेल्यावर लाइट गेली तर? मी मोरीतून पोछा आणि बादली आणून त्याच्या हातात दिली आणि मेन स्विच पाडला.

पाणी उलटं यायला लागलं. कैलास बादली घेऊन वाकला. मी कमरेवर हात ठेवून उभी राहिले, तुझ्यासारखी. वरचं पाणी थोडं उतरलं, पाइपात गुळगुळ आवाज झाला, आणि थांबलं. खालचं पाणी खुणेच्या वर चढलं, पण काठाच्या बरंच आत राहिलं. फरशी कोरडी ठाक. कैलासनं तरीही फरशीवरून हात फिरवून पाहिला, अक्का! तुझाच मुलगा तो, डोळ्यांवर त्याचा विश्वास नाही.

"आईनी शिकाडं का तुले?" त्यानं विचारलं.

"सांगितलं तिनं," मी म्हटलं. "केलं मी."

हे मी बोलले, अक्का, आणि मला जराही लाज वाटली नाही. तुझी बहीण म्हणून आजवर खूप मिरवले. आज पहिल्यांदा स्वतःच्या कामावर मिरवले, आणि तेही तुझ्या मुलासमोर. तुला वाईट नाही ना वाटलं? नसणारच वाटलं. तू तर आखाजीला आलेल्या बाया-पोरींना ओढून आणून टाकी दाखवली असतीस आणि म्हणाली असतीस, बघा, आमच्या नंदीनं केलंय हे सगळं बठ्ठं.

मी ताट वाढलं. कैलास मान खाली घालून जेवत होता. मला वाटलं, आईची आठवण आली असेल, म्हणून मी नुसती वाढत राहिले. भाकरीचा शेवटचा तुकडा मोडताना तो अगदी सहज म्हणाला, "मावशी, आपला मोरीमा नळ गळी ऱ्हायना. संगे पाना लई ले."

म्हणजे चोपड्याचा गळका नळ मी दुरुस्त करायचा! मी परात उचलायच्या निमित्तानं आत गेले आणि तिथंच ओट्याला टेकून उभी राहिले. तू गेल्यापासून मला वाटत होतं, की त्या घरी आता मी पाहुणी. बोलावलं तर जायचं, पाटावर बसायचं, साडी घ्यायची आणि निघायचं. पण पाहुणीला कोणी पाना आणायला सांगतं का गं? आणि तो "आपला मोरीमा" म्हणाला. "आपला"!

पाना पिशवीत टाकलाय. टेफ्लॉन टेप, दोन वॉशर आणि एक युनियनही घेतलीय, असू दे. वरून सांजोऱ्यांचा डबा.

तुला वचन देते. मासे इथं आहेत तोवर त्यांचं पाणी तुटणार नाही, ते मी बघेन. आणि माझे हातपाय चालताहेत तोवर दर आखाजीला मी तुझ्या घरी येईन, आणि त्या घरातला एकही नळ गळत सोडून परत फिरणार नाही. मोरीत बसून साडी खराब झाली तर तिथंच धुऊन दोरीवर वाळत घालेन.

कैलास उठला वाटतं. मेन स्विच चालू आहे ना, ते एकदा बघते आणि निघते.

तुझ्या माशांची आणि आता तुझ्या नळांचीही,
धाकटी नंदी